वीरगळावरचा शेंदूर

बदलापूर गाव,
१२ मार्च २०२५

प्रिय अल्पेशदादा,

नमस्कार. घरी सगळे बरे आहेत. बाबांचं गुडघ्याचं रडगाणं चालूच आहे. वरणात मीठ कमी पडलं की ताट सरकवणारा तू, तुरुंगातली डाळ कशी गिळतोस देव जाणे.

नाक्यावर पोरांनी तुझा बॅनर लावलाय, वाघाच्या तोंडाशेजारी तुझं तोंड. दोघांत वाघ बरा दिसतो. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, माझ्या पोराने देवाची विटंबना करणाऱ्याला तिथल्या तिथे फोडला.

तळ्याकाठचा हेरिटेज वॉक बंद पडला, माझी गाईडची नोकरीही गेली. त्याचं काही नाही. मला सारखा तो आवाज ऐकू येतो. रघु गवंड्याचा हात वीरगळावर दाबून तू पहारीने ठेचलास, तो. तीनदा. ओला बांबू फुटावा तसा. पाहुण्यांतली एक बाई ओकली, बाकीचे मोबाईल धरून उभे. डॉक्टरांनी त्याची दोन बोटं काढली. तिसरं आहे, पण वळत नाही. थापी धरायचा हात होता तो.

काल नाक्यावरच्या त्या पोरांनी, तुझ्या वाघांनी, त्याच्या खोलीचं दार तोडलं. त्याच्या बायकोला, चांगुणाला, केसांना धरून गटारापर्यंत ओढलं. तिच्या कपाळाला सात टाके पडले. पाडव्याच्या आत निघा, नाहीतर खोलीसकट जाळू, म्हणालेत.

म्हणून आता लिहिते.

पाहुण्यांना मी सांगायचे, हा लढाईत पडलेल्या वीराचा दगड. आपल्याला तो घरचा देव. लग्न झालं की नव्या नवरीने त्याला शेंदराचा एक हात द्यायचा. आजीचा, काकूचा, आईचा, थरावर थर. आई गेल्यावर तू म्हणायचास, तिचा हात अजून तिथे आहे.

वॉक चालवणाऱ्या संस्थेच्या साहेबांना फोटोसाठी खालचं कोरीवकाम हवं होतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी शेंदूर मी काढला. खुरप्याने. थोडासाच काढू म्हटलं, तर अख्खं कवच सुटून पायाशी पडलं. आत ढाल घेतलेला माणूस दिसला आणि मला आनंद झाला, दादा. आई आठवलीसुद्धा नाही. रघु दुसऱ्या दिवशी फक्त दगडाखालचा ओटा सांधायला आला होता.

तू पहार उचलून विचारलंस, "यो कोनी खरवरला?" तुझे डोळे बघून मी घाबरले आणि रघुकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "ताई, सांगा ना तुम्ही." मी बोट खाली घेतलं नाही. पहिला घाव पडला तेव्हाही नाही.

तुझा निरोप मिळाला. आईसाठी केलं, पस्तावा नाही. तेवढाच आधार तुला तिथे असेल, आणि तो मी काढून घेतेय. तू ठेचलास तो हात निरपराध होता.

कवचाचे तुकडे तांदळाच्या डब्यात लपवले होते. आज पिशवीत भरलेत. पत्र टपालात टाकून तशीच पोलीस ठाण्यात जाते. बाबा मला पुन्हा घरात घेणार नाहीत, आणि नाक्यावरची पोरं माझं काय करतील ते आपल्याला माहीत आहे. तरी जाते.

सुटलास की माझ्याकडे ये. हात मीच पुढे करीन.

दहाही बोटं शाबूत असलेली
तुझी बहीण,
करिष्मा