थंडीची तालीम

चि. धाकट्यास दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आत्याचे गुडघे, तुझ्या वहिनीचा आवाज आणि माझी भूक आपापल्या जागी आहेत. तुझी कंबर कशी आहे? दिवसभर टुरिस्ट बस चालवून ती धरते, असं मागे लिहिलं होतंस. तुझ्या बायकोला आशीर्वाद सांग. माझ्यावर रागावली असली तरी सांग.

तुझं पत्र पोचलं. ‘दरवर्षी बोलावतो, दरवर्षी तुम्ही ऋतू बघतो म्हणता. या वेळी महिना कळवला नाहीत, तर पुन्हा बोलावणार नाही,’ हे वाक्य वहिनीने जेवताना मोठ्याने वाचलं, आणि वर माझ्याकडे असं पाहिलं की हातातला घास मी परत ताटात ठेवला. अरे, मी काय टाळतोय? एवढ्या लांब जायचं, तर तुमच्या त्या देशात योग्य वेळीच जायला नको का? अर्ध्या कच्च्या आंब्याला कोणी दात लावतं का? म्हणून मी कामाला लागलो.

आधी शेजारच्या भूगोलमास्तरांना विचारलं. (त्यांनी आयुष्यभर पृथ्वी शिकवली, पण स्वतः मात्र सासुरवाडीच्या पलीकडे गेलेले नाहीत.) ते म्हणाले, वसंतात जा, फुलं बघण्यासारखी असतात. आता फुलं आणि माझं नाक यांचं वैर तुला ठाऊक आहे. मी शिंकलो की समोरच्या शिंप्याची शिवण वाकडी जाते, तो तसं गिऱ्हाइकांना सांगतो. परक्या देशात कोणाकोणाची माफी मागत फिरू? मग उन्हाळा. पण तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उजेड असतो म्हणे, आणि आत्या अंधार पडल्याशिवाय जेवत नाही, जेवल्याशिवाय झोपत नाही आणि ती झोपल्याशिवाय घरात कोणालाही झोपू देत नाही. तिला इथे एकटी ठेवायची म्हटलं, तर ती आठ दिवसांत गल्लीतल्या सगळ्यांची लग्नं ठरवील. उरला पानगळीचा मोसम. त्यावर वहिनी म्हणाली, ‘इथे बारा महिने अंगणातला पाला मीच झाडते. आता तिकीट काढून तो गळताना बघायला जाऊ?’

म्हणजे राहिला हिवाळा. बर्फ! आता थंडीच्या बाबतीत तुझ्या दादाला कोणी शिकवू नये. बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माझे केस पांढरे झाले. घरच्यांना मात्र सवय नाही, म्हणून मी ठरवलं की आधी तालीम करायची. रविवारी मालक गावाला गेले होते. मी वहिनीला आणि आत्याला घेऊन गेलो. घरात होतं नव्हतं ते सगळं अंगावर चढवलं होतं. (आत्याने दोन लुगड्यांवर माझी जुनी पँट घातली होती. ती तिला माझ्यापेक्षा बरी दिसत होती, हे वहिनीचं मत.) बरोबर थर्मासभर चहा आणि पत्त्यांचा जोड. वॉचमनला मी बजावून सांगितलं, अर्धा तास दार उघडायचं नाही. आतून कोणी कितीही ओरडलं, रडलं, हातापाया पडलं, तरी नाही. परदेशातला हिवाळा काय दार वाजवल्यावर थांबणार आहे?

दार बंद झालं. बटाट्यांच्या पोत्यांवर बैठक मारून दोघींनी पत्ते वाटले. आणि तेव्हा, धाकट्या, एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. माझं काम मशीनरूममध्ये. तिथे कंप्रेसर असतो, आणि तिथे मी बारा महिने बनियनवर घाम पुसत बसलेला असतो. थंडी तयार करतो मी, पण ती खातात बटाटे! आत मी जातो ते भिंतीवरचं थर्मामीटर बघण्यापुरता. थोड्याच वेळात माझी हनुवटी आपली आपण हलायला लागली. मी दार वाजवलं. वॉचमन बाहेरून म्हणाला, ‘साहेब, तुम्हीच सांगितलंय.’ मी म्हटलं, आता मीच सांगतोय, उघड. तो म्हणाला, ‘तुम्ही असं म्हणाल, हेही तुम्हीच सांगितलंय.’ असा इमानदार माणूस देव शत्रूच्या दारात उभा करो! मी ओरडलो, विनवण्या केल्या, पगारवाढीचं आमिष दाखवलं. (पगार मालक देतात, हे त्यालाही माहीत होतं.) मागून आत्या म्हणाली, ‘ओरडू नकोस रे, माझा डाव चाललाय.’ शेवटी दार उघडलं तेव्हा वॉचमनने मला पोत्यासारखं खांद्यावर टाकून बाहेर नेलं, आणि दोघी मात्र हातातला डाव संपवून सावकाश आल्या. नंतर चार दिवस मी अंथरुणात होतो. वॉचमन भेटायला आला, येताना बटाटे घेऊन आला.

तेव्हा सर्व बाजूंनी विचार करता यंदा येणं जमेलसं दिसत नाही. पुढच्या वर्षी नक्की बघू. राग मानू नकोस.

तुझा,
दादा

ता. क. वहिनीने हे पत्र वाचलं आणि एकच विचारलं, ‘यातल्या कोणत्या ऋतूत भावोजी घरी असतात?’ मी एकेक ऋतू बोटांवर मोजून पाहिला. फुलांच्या दिवसांत तू फुलं बघणाऱ्यांना फिरवतोस, उन्हाळ्यात समुद्रावर जाणाऱ्यांना, पुढे पानं बघणाऱ्यांना, मग बर्फावर पडायला येणाऱ्यांना. आम्ही आलो असतो, तर तुझी पाठच बघितली असती, तीही बसच्या मागच्या बाकावरून. मला तुझा देश बघायचा नाही रे, तुला बघायचंय. तेव्हा ज्यात नुसता चिखल, रिपरिप आणि काळोख असतो, एकही टुरिस्ट फिरकत नाही आणि तू घरी बसून कंटाळतोस, असा तुमच्याकडचा सगळ्यात वाईट महिना कोणता, तो कळव. आम्ही येतो.

ता. क. दुसरा. भावोजी, पत्र टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून ही जागा मिळाली. महिना मी तुमच्या बायकोला फोन करून केव्हाच विचारला आणि तिकिटंही काढली. ऋतूंचं सगळं निमित्त आहे, हे विमानाला घाबरतात. खिडकीजवळची जागा मी घेतली आहे, मधे हे, पलीकडे आत्याबाई. त्या म्हणतात, काळोख असतो ना, मग जेवायची सोय झाली. तिकिटं काढल्याचं ह्यांना अजून माहीत नाही, तेव्हा उत्तर माझ्या नावाने पाठवा.