साक्ष आणि नोकरी

माय, समाजकल्याणचे साहेब जीप घेऊन आपल्या घरी आले त्या दिवशी तू त्यांच्यासाठी चहा केला होतास. बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. घरात दूध नव्हतं, म्हणून कोराच केलास. साहेब भले होते. खाटेवर न बसता खाली पोत्यावर बसले आणि म्हणाले, "बाई, सरकार तुमच्या पाठीशी आहे." तू मागे वळून पाहिलंस. मागे चूल होती. सोबतचा कारकून हसू दाबायला खाली बघू लागला, पण तू चेष्टा केली नव्हतीस. त्या दिवसांत कोणी काही म्हटलं की तू तेवढंच करायचीस. बस म्हटलं की बसायचीस, खा म्हटलं की एक घास खायचीस. रडताना मी तुला पाहिलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

बाबा नेरजवळच्या एका जिनिंगमध्ये मापारी होते. काट्यावर कापूस तोलायचा आणि गाड्या नंबरानं आत घ्यायच्या, एवढं त्यांचं काम. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि आहे ती खरेदीही बंद होणार अशी आवई उठली होती. गाड्यांची रांग फाटकापासून पार सडकेपर्यंत गेलेली. माणसं बैलांजवळच झोपत होती. अशात आपल्या गावच्या एका मोठ्या घरच्या मुलानं ट्रॅक्टर थेट पुढे आणला. बाबा म्हणाले, "नंबरानं या, भाऊ." त्यानं आधी आपल्या जातीवरून शिवी दिली, मग त्याच्याबरोबरचे दोघे खाली उतरले, आणि कोणाच्या तरी बैलगाडीची उभारी, कडेचा लाकडी दांडा, उपसून त्यानं बाबांच्या डोक्यात घातली. तू डबा घेऊन फाटकाशी पोचली होतीस. रांगेतल्या सगळ्यांनीच पाहिलं होतं, पण पोलिसांनी विचारलं तेव्हा कोणी झोपलेला होता, कोणी चहाला गेलेला होता, कोणी बैलाला पाणी दाखवत होता. उरलीस तू एकटी.

मग सरकारची मदत आली. चेक देताना तुला एका मोठ्या साहेबाशेजारी उभं केलं. फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा इकडं पहा." पेपरात तो फोटो आला तेव्हा बक्षीस मिळालेल्या बाईसारखी तू त्यात उभी होतीस. गावात लोक म्हणाले, लॉटरी लागली. ते तुझ्या कानावर आलं असणारच.

धमक्या यायला लागल्यावर आपल्या दाराशी पोलीस बसवला. दिग्रसकडचा, म्हातारा होत चाललेला मुसलमान शिपाई. निंबाखाली बाज टाकून दिवसभर बसायचा. मला शाळेत सोडायला यायचा, खांद्यावर बंदूक, एका हातात माझं दप्तर. मुली माझ्यापासून लांब चालायला लागल्या. एक दिवस मी त्याला तोंडावर म्हटलं, "तुमच्यापायी माह्यासंग कोनी खेळत नाई." तो नुसता "हां बेटा" म्हणाला. तू घरातून बाहेर आलीस, माझा दंड धरलास. "ते अठी बसून राह्यले म्हणून तू शाळेत जाऊन राह्यली. जाय, पानी नेऊन दे त्यायले." मी पाणी नेलं. तर तो म्हणाला, "अभी नहीं बेटा, रोजा हाय." तेव्हापासून रोज संध्याकाळी तू दारात उभी राहून आभाळाकडे बघायचीस आणि म्हणायचीस, "सूर्य बुडाला, भाऊ." मग त्याला पाणी द्यायचीस. मला रागावणं सोडलं तर बाबा गेल्यानंतर कोणी न विचारता तू बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मी ते चुलीपुढे बसून ऐकत असे आणि मला वाटे, आता तू आणखी काही बोलशील.

खटला उभा राहायच्या आधी त्या मुलाची आई आपल्याकडे आली होती. आपल्या वस्तीत ती आयुष्यात पहिल्यांदाच आलेली. शिपाई उठून उभा राहिला. तुझ्याकडे बघून म्हणाला, "बहन, मी अठीच हावो. काय बोलायचं ते तुमी बोला." ती बाई उंबऱ्यापाशी बसली, पदरानं तोंड पुसलं. "एकच पोरगं हाय वं मले. चुकलं त्याचं. तुह्या पोरीचं शिक्षन, लगन, सारं आमी पाहू. तू फक्त म्हन का गर्दीत दिसलं नाई." तू ऐकून घेतलंस. मला अजूनही वाटतं की त्या क्षणी तू हो म्हणाली असतीस. तू थकली होतीस, आणि समोर एक आई बसली होती. तू आत गेलीस, तांब्या भरून आणलास आणि म्हणालीस, "पानी घ्या." तिनं तांब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नको, तहान नाई," आणि उठली. उन्हातून चालत आली होती ती. ओठ सुकलेले होते तिचे. ती गेल्यावर तू बराच वेळ तांब्या हातात धरून उभी होतीस. "पानी बी नाई पेली," एवढंच म्हणालीस. मग ते पाणी निंबाच्या बुडाशी ओतलंस आणि शिपायाला विचारलंस, "भाऊ, कोर्टाची तारीख कवाची हाय?"

यवतमाळच्या कोर्टात तू पिंजऱ्यात उभी आहेस. मला ठेवायला कोणी नव्हतं म्हणून मी मागच्या बाकावर, शिपायाच्या शेजारी. त्यांचा वकील तुझ्याशी फार गोड बोलतो आहे. सरकारनं तुम्हाला पैसे दिले, बरोबर? दिले. नोकरी देऊ म्हणून सांगितलं, बरोबर? सांगतलं. मग तो आवाज चढवतो. म्हणजे पैसा आणि नोकरी मिळावी म्हणून तुम्ही या निर्दोष मुलाविरुद्ध खोटी साक्ष देता आहात. तू त्याच्याकडे पाहतेस, मग न्यायाधीशांकडे. "साहेब, मी डबा घेऊन गेलती. नोकरी मांगाले नाई गेलती." कोणी हसत नाही. न्यायाधीश टायपिस्टला शुद्ध मराठीत सांगतात, 'मी डबा घेऊन गेले होते', आणि पुढचं वाक्यही नीट करून सांगतात. माझ्या शेजारी शिपाई गुडघ्यावरची टोपी उगाच फिरवत बसलेला.

त्या मुलाला जन्मठेप झाली. बाकीचे दोघे पुराव्याअभावी सुटले. घरी आल्यावर तू चूल पेटवलीस आणि बाहेर येऊन शिपायाला विचारलंस, "तुमच्यासाठी भाकर टाकू का आता, का जाता?" तो म्हणाला, "ड्यूटी संपली, बहन." पण जेवून गेला. सुटलेले दोघे दुसऱ्या दिवशी आपल्या दारावरून मोटरसायकलनं गेले, सावकाश. निंबाखाली कोणी नव्हतं. महिनाभरात आपण गाव सोडलं.

नोकरी मिळाली ती लोहाऱ्याकडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात, स्वयंपाकिणीची. राहायला मागची खोली. मलाही तिथंच प्रवेश दिला. मी इतर मुलींसारखी ताट घेऊन तुझ्यापुढे उभी राहायचे आणि तू माझ्याकडे न बघता सगळ्यांना वाढायचीस तेवढंच वाढायचीस. सगळ्या तुला मावशी म्हणायच्या. चारचौघींत मीही म्हणायचे. एकदा मुली फार ढकलाढकली करत होत्या. तू म्हणालीस, "नंबरानं या," आणि थांबलीस. पळी वरणात तशीच सोडून आत निघून गेलीस. उरलेलं वरण मी वाढलं. रात्री आपण त्याबद्दल बोललो नाही. बाबांबद्दल आपण कधीच बोललो नाही, माय. तू पोळ्या लाटायचीस, मी अभ्यास करायचे, आणि वर्षं गेली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तुझी शुगर वाढली, पायाची जखम भरली नाही, आणि सरकारी दवाखान्यातच तुझा जीव गेला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी आधी वसतिगृहात फोन केला, की उद्याच्या स्वयंपाकाचं बघा.

बाबांना मारणारा तो जन्मठेप भोगून सुटून आला आहे. मला नेरच्या बसस्टँडवर भेटला. केस पांढरे, हातात वायरची पिशवी. मी ओळखलं, त्यानं ओळखलं नाही. मला विचारलं, "बाई, अमरावतीची गाडी लागली का?" मी म्हटलं, "नाही लागली अजून." मग आम्ही दोघंही त्याच बाकावर बसलो. मी वाट पाहत होते की मला काहीतरी होईल. ओरडावंसं वाटेल. काही झालं नाही. गाडी आली, तो चढला.

आता माझंच काम हे आहे, माय. ज्यांच्या घरात असं काही घडतं त्यांच्याकडे जायचं, काय मिळतं ते सांगायचं, कोर्टात सोबत बसायचं. काल घाटंजीकडे गेले होते. एका बाईच्या नवऱ्याला मारलं आहे. मी पोलीस संरक्षणाचं सांगितलं, मुलांच्या शिक्षणाचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं. ती कपाशीच्या शेतातून तशीच आलेली, ओच्यात सरकी अडकलेली. मान खाली घालून ती सरकी काढत राहिली. म्हणून मी तिला तुझं सांगितलं. एरवी मी कोणाला सांगत नाही. तिनं पहिल्यांदा मान वर केली. "तुमच्या मायले भेटली नोकरी?" मी म्हटलं, हो. "मंग बरं वाटलं का त्यायले, मागून?"

हे लिहून झालं की मी फाडणार आहे. ठेवायला जागा नाही आणि पाठवायला तू नाहीस. पण तिला मी काय उत्तर दिलं ते तुला सांगायला हवं. मी म्हटलं, "हो, वाटलं." ती साक्ष द्यायला तयार झाली. परत येताना जीपमध्ये बसून मी आठवत होते, की तुला बरं वाटलं होतं का. मला माहीत नाही, माय. मी तुझ्या वतीनं सांगून टाकलं.