खापा तर घरचंच

१० नोव्हेंबर, सोमवार
राऊटर पुन्हा झोपला. राऊटर म्हणजे ऑफिसातला जुना कॉम्प्युटर. त्यात सॉफ्टवेअर टाकून मीच त्याचा राऊटर केला. दुर्गेशसाहेब त्याला डबा म्हणतात. त्यांना टेक्निकल समज कमी. काटोल, नरखेड, खापा, सगळ्यांचं इंटरनेट या डब्यातूनच जातं.

शुक्रवारी रितिकाची ऑनलाइन मुलाखत. पहिली नोकरी. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मायलेकी खाप्याला आहेत. तिथे नेट आपलंच. पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तरी बंद नका पडू देऊ." ते 'तरी' लागलं.

थकलोय. पण शुक्रवारी नेट हलणार नाही म्हणजे नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
रोग सापडला. आम्हाला नेट देणारी वरची कंपनी आमच्या राऊटरला जगभरचे रूट, म्हणजे रस्ते, शिकवते, आणि हा वेडा शिकलेला प्रत्येक रूट वापरायच्या टेबलात बसवत सुटतो. काटोलच्या संत्रा व्यापाऱ्याला नॉर्वेचा वेगळा रस्ता कशाला? बाहेरच्या जगासाठी एक ढोबळ रस्ता पुरे. यापुढे शिकायचं सगळं, बसवायचं निवडक. आपल्या गावांची यादी करायची. यादीत असेल तेच बसेल, बाकीचं ऐकून सोडून द्यायचं.

पुष्पलताला फोनवर समजावलं. म्हणाली, "ऐकायचं सगळं, करायचं एखादंच. हे तर तुम्ही लग्नापासून करून राहिले." बायकोला नेटवर्किंग इतक्या पटकन कळलं, बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
यादी करणार होतो. पाठ धरली. त्यात काटोलहून तक्रारींचे फोन. डोकं उठलं.

मग सुचलं, फोनलाही हाच नियम! यादीतले नंबरच वाजतील. साहेब आणि ऑफिसातली ज्युनिअर दामिनी, बस. घरच्यांना कशाला टाकायचं, ते तर आपलेच.

काय शांतता!

१३ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार
यादी टाकली. काटोल, नरखेड, सावनेर, सगळं भराभर. दामिनी म्हणाली, "सर, यादीत नसलेलं गाव बंद पडते. एकदा सारी गावं पाहून घ्या ना." म्हटलं, पाहतो. ती उमरेडला लग्नाला गेली.

पाहिलंही. शिकलेल्या रूटमध्ये खापा ठसठशीत दिसतो. शिकला म्हणजे झालं.

लोड एकदम खाली. राऊटर इतका हलका कधी चाललाच नव्हता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दिवसभरात एकही तक्रार नाही. साहेब तिरुपतीला रांगेत, त्यामुळे त्यांचाही फोन नाही. मुलाखत मस्त झाली असणार. पोरीला विचारणार होतो, पण आनंदात असेल, करेल तीच.

उद्यापासून सकाळी फिरायला जायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
फिरायला जमलं नाही. सासरे आले. बाबनराव, डोळ्यावर काळा चष्मा, खाप्याहून एसटीने, एकटे. दारातच म्हणाले, "जावईबापू, तुमचा फोन काहून लागत नाही? परवापासून साऱ्या खाप्यात नेट बंद आहे."

मुलाखतीच्या वेळी रितिका मोबाइल घेऊन गच्चीवर रेंज शोधत फिरली. अर्ध्या वाक्यात लाइन कटली. रडली म्हणे. कंपनीनं सोमवारी पुन्हा बोलावलंय, तेवढं नशीब.

ऑफिसात जाऊन टेबल उघडलं. खापा शिकलेला आहे, बसवलेला नाही. माझ्या यादीत मी लिहिलाच नव्हता. गावं लिहिताना ते नाव आलंच नाही डोक्यात. खापा तर घरचंच.

सासऱ्यांना चहा केला. साखर विसरलो. ते तसाच प्यायले.

१७ नोव्हेंबर, सोमवार
खापा यादीत पहिल्या नंबरवर टाकला. मायलेकी नागपूरला परत आल्या. रितिकाला म्हटलं, घरूनच दे, आता माझी गॅरंटी. ती लॅपटॉप उचलून शेजारी शामलाताईंकडे गेली. त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचं नेट आहे.

मागोमाग गेलो. पुष्पलतानं दारात अडवलं. "तुम्ही आत नका येऊ." मग चपलांजवळ उभा राहिलो. आतून पोरीचा आवाज येत होता, एकदाही न तुटता. फार वाईट वाटलं.

तिथेच फोन काढून यादीत दोघींची नावं टाकली. पुष्पलताला दाखवलं. म्हटलं, आता कधीही लाव, वाजेल.

म्हणाली, "राहू द्या. आम्हाले सवय झाली."