बियाण्याची ज्वारी

बाबा, तुमच्या आईला साथीनं नेलं नव्हतं, हे मला कळलंय. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि आता कळतंय. कळून काय उपयोग, हे मलाही समजत नाही. पण गेले दोन महिने मी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता थांबतो, मुलं माझ्याकडे बघत राहतात, आणि मला एवढंच आठवतं की ही गोष्ट माहीत असलेला माणूस माझ्यासमोर त्रेचाळीस वर्षं जेवायला बसत होता.

सुरुवात तुमच्या नातीच्या जातपडताळणीपासून झाली. तिला पुढच्या शिक्षणासाठी प्रमाणपत्र हवं होतं, आणि त्यासाठी तुमच्या आजोबांची जुनी नोंद. तुम्ही गावाकडचं कधी काही बोलला नाहीत. शेताचा हिस्साही चुलतभावाला देऊन मोकळे झालात आणि बुलढाण्यात शाळेचे शिपाई म्हणून जन्म काढलात. म्हणून मी तहसीलच्या अभिलेख कक्षात बसून कोतवाल बुकं चाळत होतो. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवालानं लिहून ठेवलेली ती जुनी रजिस्टरं. पानं हाताला लागताच कोपऱ्यातून तुटत होती. तिथला कारकून चांगला होता, तोच पानं उलटत होता. एका पानावर त्याचं बोट थांबलं. "सर, हे तिघंही तुमच्याच घरचे दिसून राह्यले." एकाखाली एक तीन ओळी होत्या. माझ्या आजोबांची बायको, म्हणजे तुमची आई, वय सत्तावीस. मुलगी, वय सहा. मुलगी, वय तीन. तारीख एकच. मरणाचं कारण तिन्ही ओळींत एकच, विषबाधा. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत तर लिहिणाऱ्यानं तो शब्दही लिहिला नव्हता, नुसत्या दोन रेघा मारल्या होत्या.

तुम्हाला दोन बहिणी होत्या, बाबा. हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी एका कारकुनानं सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी मी देऊळघाटला आत्याकडे गेलो. तुमची चुलतबहीण, आता डोळ्यांनी अधू झालीय, पण कान शाबूत आहेत. अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होती. मी विचारल्यावर तिनं हातातली पाकळी खाली ठेवली. "कोणं सांगतलं तुले?" म्हणाली. मी म्हटलं, कागदावर सापडलं. तिनं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, "कागदावर कारण लेहेलं असन. कसं झालं ते नसन लेहेलं."

आत्यानं सांगितलं ते असं. रबीची पेरणी तोंडावर आली होती. आजोबांनी बियाण्याच्या ज्वारीला कीड लागू नये म्हणून विषारी पावडर चोळून पोतं तयार ठेवलं होतं. घरात खायच्या ज्वारीचं पोतं वेगळं. आदल्या संध्याकाळी आजोबांनी जागा करायला म्हणून बियाण्याचं पोतं सरकवून कोपऱ्यात ठेवलं, जिथं नेहमी खायची ज्वारी असायची. कोणाला सांगितलं नाही. सांगणार कसे, त्याच संध्याकाळी नवरा-बायकोचं वाजलं होतं. तिला भावाला भेटायला घाटाखाली माहेरी जायचं होतं, आजोबा नाही म्हणाले, आवाज चार घरांत गेला. पहाटे अंधारातच ती दळायला बसली आणि तुम्हाला उठवून म्हणाली, कोपऱ्यातल्या पोत्यातून सूपभर ज्वारी आण. तुम्ही नऊ वर्षांचे होतात. तुम्ही कोपऱ्यातल्या पोत्यातून सूपभर ज्वारी आणलीत.

"दुपारी शाळेतून तो आमच्याच घरी आला," आत्या म्हणाली. "माह्या मायनं त्या दिवशी पुरण घातलं व्हतं. मीच त्याले जेवाले बसवलं. इकडं तो पोळी खाऊन राह्यला अन् तिकडं त्या तिघी..." मग तिनं जे सांगितलं ते मी तुम्हाला लिहायला नको, तुम्ही तिथं होतात. भांडणाच्या रागात शिदोरी न नेता गेलेले आजोबा शेतातून आले. तुम्हाला धान्याच्या खोलीत नेऊन विचारलं. आत्या दाराआड होती, तिनं ऐकलं. आजोबांनी तुमचं तोंड हातानं दाबलं आणि म्हणाले, "कोणाले सांगू नको. तिनंच घेतली म्हणायचं." पोलीस पाटलापुढे त्यांनी तसंच सांगितलं, बायकोनं चुकून बियाण्यातली ज्वारी घेतली. आदल्या दिवशीचं भांडण सगळ्यांनी ऐकलेलं होतंच. दोन दिवसांत गावानं त्यातला 'चुकून' काढून टाकला. पोरींना विष घालून मेली, असं झालं. आजोबांनी ते कधी खोडलं नाही.

मी आत्याला विचारलं, काऊन? खरं का नाही सांगितलं? नऊ वर्षांच्या पोराला कोण काय करणार होतं? आत्या म्हणाली, "त्याले वाटलं, पोलीस पोराले नेतीन. येकच तर उरलं व्हतं. मेलेल्या बाईले कोण नेते रे बाप्पा?"

परत येताना एसटीत मला आपलं जुनं स्वयंपाकघर दिसत होतं. मी सातवीत आहे. आईनं मला गिरणीवर न्यायला डब्यातून ज्वारी काढायला सांगितलीय आणि मी चुकून दुसराच डबा उघडलाय, ज्यात आईनं पुढच्या वर्षासाठी ठेवलेले तुरीचे दाणे आहेत. एवढंच. तुम्ही दारातून येता, माझ्या हातातला डबा हिसकावता आणि माझ्या कानाखाली अशी मारता की मी चुलीजवळ पडतो. "पाहून घेता येत नाही काय बे? डोये नाहीत तुले?" डब्याचं झाकण तुम्हाला नीट बसवताच येत नाही. मला वाटलं रागानं. मी आठ दिवस तुमच्याशी बोललो नाही. त्यानंतर दळण कधीच माझ्याकडे आलं नाही, आईकडेही नाही. तुम्हीच परातीत ज्वारी पसरून उन्हात बसायचात, मूठ नाकाशी नेऊन वास घ्यायचात, मग गिरणीत जायचात. ताटातली भाकरीही वास घेतल्याशिवाय तोडत नव्हतात. आई हसायची, आम्ही भावंडं नक्कल करायचो. तुमच्या पाठीमागे नाही, तुमच्यासमोर.

आणि दवाखान्यातला तो दिवस. तो तुम्हाला आठवतो का, हे विचारण्यात काही अर्थ नाही, पण मी रोज विचारतो. तुमचा शेवटचा महिना. मी शाळा, दवाखाना, घर असा धावत होतो. तुमच्या सुनेनं पहाटे उठून करून दिलेला डबा मी उघडला आणि तुम्ही भाकरी उचलून नाकाशी नेली. मी म्हणालो, "आम्ही काय विष घालून मारतोय का तुम्हाला?" शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला. तुम्ही भाकरी खाली केलीत. माझ्याकडे बघितलंत. मग ती भाकरी, वास न घेता, सगळीच्या सगळी खाल्लीत. तुम्हाला गिळता येत नव्हतं तरी खाल्लीत. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, एकदा बोललो ते. बाबा, मला खरंच असं वाटलं.

नातीच्या अर्जाला वंशावळ जोडायची होती. मी त्यात तुमच्या नावाशेजारी तुमच्या दोन बहिणींची नावं लिहिली. बहुधा पहिल्यांदाच ती कुठल्या कागदावर तुमच्या बरोबरीनं आली. पोरीनं वाचलं आणि विचारलं, "बाबा, ह्या दोघी कोण?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांच्या बहिणी, लहानपणीच गेल्या. "कशानं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "साथीनं." तुमचाच शब्द, तुमच्याच सुरात. ती पुढच्या कामाला लागली आणि मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो. त्या दिवशी ठरवलं की हे माझ्यापाशी थांबलं पाहिजे. आत्या म्हणाली होती, तुमच्या आईच्या माहेरी तिचं नावसुद्धा घेत नाहीत. तिचा धाकटा भाऊ अजून आहे. त्याला खरं सांगायचं, एवढंच मनात धरून मी घाट उतरलो.

वरवट बकालला घर विचारत गेलो. पंच्याऐंशीच्या पुढचे असतील तुमचे मामा, मीही त्यांना मामाच म्हटलं. पाठ वाकलीय, पण मळ्यात रोज जातात म्हणे. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि उजेडाकडे वळवला. "तिचंच नाक हाय," म्हणाले. मग मला ओसरीवर बसवून, मी न विचारता, त्यांनी सगळं सांगायला घेतलं. त्यांच्या वडिलांनी पोरीच्या वस्तू जाळल्या. आईनं जेवण सोडलं ते सोडलंच. आणि त्यांची मधली बहीण, तिची सोयरीक जुळली होती, ती मोडली. "पाहुणे म्हणे, विष घालणारीची बहीण कोण करन? लय ठिकाणी पाह्यलं, मंग सोडून देलं. ह्याच घरात म्हातारी झाली. मरेपर्यंत मले म्हणे, माही बहीण तशी नव्हती. मी म्हणो, चूप बस." त्यांचा आवाज चढला नाही. जणू पाटाच्या पाण्याचं सांगत होते.

मी तोंड उघडलं होतं, बाबा. शब्द तयार होते, एसटीत पाठ केले होते. तेवढ्यात ते म्हणाले, "येक पोरगं वाचलं, तेवढंच बरं झालं. माही माय त्याच्यासाठी लय रडे. कशे गेले रे त्याचे दिवस? सुखात गेले ना?" मी हो म्हणालो. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्यानं कधी काही सांगतलं व्हतं काय? तिनं काऊन केलं असं? दोन लेकरं घेऊन? आता मराले टेकलो मी, पण तेवढं समजलं असतं तं..."

मी म्हणालो, "नाही मामा. बाबा कधी काही बोलले नाहीत."

त्यांनी मान हलवली. घरातून नवा टॉवेल आणि टोपी आणवली, मला कुंकू लावून आहेर केला. बहिणीच्या घरचा माणूस इतक्या वर्षांनी दारात आला म्हणून सून आत पुरणाला लागली. मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

तुम्हाला वाचवायला मी खोटं बोललो, असं घरी परत येताना वाटत होतं. पण तुम्हाला आता कोण काय करणार आहे? त्या म्हाताऱ्या माणसाचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो त्यांनी काढून घेऊ नये, एवढंच मला हवं होतं. निघताना त्यांच्या नातवानं घरचा पत्ता कागदावर लिहून दिला, फोन नंबरही. ते वाट बघत असतील असं नाही, पण अजून आहेत. आज सकाळपासून मी त्यांनाच पत्र लिहायला बसतोय. चार कागद झाले. प्रत्येक वेळी वर 'मामा' लिहायला हात टेकवतो आणि 'बाबा' लिहून जातो.