वहीत जिंकलेली फायनल

३ तारीख, रविवार. सकाळी ७
नवा सीझन, नवी स्कोअरबुक, चार रंगांची पेनं. क्लबचा स्कोअर चौदा वर्षं मी लिहितोय. सेक्रेटरी म्हणतो, गेल्या वर्षी माझ्या वहीत एक बॅट्समन एकाच डावात दोनदा आउट झाला. यंदा मोठी चूक झाली तर वही काढून घेणार म्हणे. बघू की. संकल्प: एकही चेंडू सोडायचा नाही. डबा मॅच संपल्यावरच.

संध्याकाळी
एका ओव्हरमध्ये सात चेंडू भरले गेले. अंपायर मोजत नाहीत, त्याला मी काय करू? डबा आठव्या ओव्हरला उघडला. भूक लागली होती.

१० तारीख, रविवार
सेमीफायनल जिंकलो. यंदा लीगने दुसरी वही लिहायला शाळेतल्या एक बाई बसवल्यात. नियम असा की ओव्हर संपली की दोन्ही वह्या ताडून बघायच्या. बाई दर ओव्हरला विचारतात, टॅली? मी नुसती मान हलवतो. चौदा वर्षांनी आता माझी वही कुणाला दाखवू? बायको म्हणाली, दाखवली तर काय बिघडतं? तिला यातलं काही कळत नाही.

१७ तारीख, रविवार. फायनल. दुपारी
त्यांचे १४६. आपला जावई ओपनिंगला जातोय. वहीत वाकून माझी मान धरलीये. डबा संपला.

संध्याकाळी
लिहायचं त्राण नाही. अकराव्या ओव्हरला मागची खाडाखोड निस्तरत बसलो. मान वर केली तर ओव्हर संपलेली. बाईंनी विचारलं, टॅली? म्हटलं, ओके. ती ओव्हर अनुभवाने भरली. आठ रन.

मैदानातला फळा माझ्या वहीवरून चालतो. दोन चेंडू बाकी असताना फळ्यावर १४७ लागले. जावयाने बॅट उंचावली, पोरं आत धावली, अंपायरनी बेल्स काढल्या. तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "काका, एकशे पंचेचाळीसच झालेत."

त्यांच्या वहीत चेंडू न् चेंडू होता. माझी आठ रनची ओव्हर सहाच रनची निघाली. अंपायरनी सगळ्यांना परत बोलावलं. जावई पॅड सोडून पाणी पीत होता. पुन्हा बांधून गेला आणि पहिल्याच चेंडूवर बोल्ड. शेवटचा चेंडू पुढच्याच्या बॅटला लागलाच नाही. एका रनने हरलो.

ऊन फार होतं.

१९ तारीख, मंगळवार
सेक्रेटरी वही घेऊन गेला. भांडायचं ठरवलं होतं, पण त्याला चहा विचारला. पुढच्या सीझनला मी फळ्यावर. बाई सांगतील तो आकडा लावायचा.

जावई येऊन गेला. एवढंच म्हणाला, "बाबा, तो चेंडू मलाच दिसला नाही." मला फार वाईट वाटलं. आत जाऊन तोंड धुतलं.

आजची तारीख बायकोशी टॅली करून लिहिली. मी अठरा समजत होतो.