पोस्टरवरचं नाव

११ फेब्रुवारी, मेडनहेड, इंग्लंड
महिला दिनाला इथल्या महाराष्ट्र मंडळात ओडेटबाईंची मुलाखत मी घ्यायची, असं ठरलं. शेजारच्या फ्रेंच आजी, वय अठ्ठ्याण्णव. युद्धात जर्मनांविरुद्ध भूमिगत, पुढे समाजवादी खासदार. आता लेकीकडे असतात. मंडळाची सेक्रेटरी वैदेही एकदम खूश. लगेच फोन. "अगं, पोस्टरला फुल नेम हवं. प्रकाश हे काय आडनाव असतं का? मूळचं काय? गाव कुठलं?"
"प्रकाशच लिही," म्हटलं. नवऱ्याचं नाव आडनावासारखं लावते. पुण्यात 'कांबळे' ऐकून घरमालकांनी दारं लावली, तेव्हापासूनचं हे शहाणपण.

१५ फेब्रु.
ओ. बाईंकडे मुलाखतीची तयारी. युद्धात त्या शाळकरी पोर, सायकलवरून निरोप पोचवायच्या. टोपणनाव क्लेर. नियम एकच, कोणी कोणाचं खरं नाव विचारायचं नाही. त्यांच्याकडून निरोप पुढे नेणारा मुलगा पकडला गेला. मार खाल्ला, मेला. "त्याला माझं नाव माहीतच नव्हतं, म्हणून मी जगले."
आमच्यात चहा हातात यायच्या आधी आडनाव विचारतात. चीड आली.

२० फेब्रु.
पोस्टर आलं, 'नंदा प्रकाश' छापलेलं. बाईंना दाखवायला नेलं. त्यांना स्वतःचं पोस्टर आठवलं. पहिल्या निवडणुकीत पक्षातले पुरुष म्हणाले, 'क्लेर' छापा, मतं मिळतील. यांनी ऐकलं नाही. हरल्या. मग त्याच पुरुषांनी कित्येक वर्षं बैठकीत कॉफी करायला लावली. "जर्मन गेले त्या दिवशी मी माझं नाव परत घेतलं. ते पुन्हा कसं देऊन टाकू?"
मग पोस्टर चष्म्याजवळ धरून, "तुझं टपाल चुकून माझ्याकडे येतं, त्यावर कांबळे असतं. हे प्रकाश काय?"
सांगितलं. सगळं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी पोस्टर खाली ठेवलं. मग म्हणाल्या,
"तुझे जर्मन अजून गेले नाहीत?"

२१ फेब्रु.
प्रकाश म्हणतो, "कशाला उकरून काढतेस? चांगला ग्रुप जमलाय."
जमलाय, पण नंदा प्रकाशचा. नंदा कांबळेला त्यातलं कोण ओळखतं? रडले. मग रडले याचाच राग आला.

२३ फेब्रु.
सकाळी वैदेहीला मेसेज केला. 'पोस्टरवर नाव बदल. नंदा कांबळे.' वाचल्याच्या निळ्या टिक लगेच आल्या. एरवी माझ्या नुसत्या गुड मॉर्निंगलाही बदाम पाठवते.
दुपारी ओ. बाई कुंपणापलीकडून, "कार्यक्रमाला निळा कोट घालू का?" हो म्हटलं.
आता वै. टाईप करतेय असं दिसतं. मग थांबते. पुन्हा टाईप करते.
फोन उपडा ठेवून कुकर लावला. तरी जाऊन बघतेच आहे.