आज मी काय चुकायचं?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गेली एकदाची चित्रफीत! पंचेचाळीस मिनिटांचा तास — समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ, माझी पाचवी. मंगोलियातल्या अर्वाइखेर गावातल्या एका शाळेशी आमच्या शाळेची यंदा जोडी लागली आहे. त्यांनी आमचे तास बघायचे, आम्ही त्यांचे, आणि एकमेकींना प्रश्न विचारायचे. तिकडची पाचवी त्सेरेनखांडकडे. दीड वर्ष इकडे जपानात शिकून गेलेली, जपानी छान लिहिते. मला ‘ताई’ म्हणते. तिकडे थोरल्या बाईला असंच म्हणतात म्हणे.

मुख्याध्यापक कुरामोतो सर खूश. “नागोशी बाई, असा तास त्यांनी जन्मात पाहिला नसेल!”

मीही खूश होते. खोटं कशाला बोलू.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

त्सेरेनखांडचं पत्र. दोन ओळी कौतुक, मग तीन प्रश्न. जसेच्या तसे उतरवते.

“ताई, खिडकीजवळच्या मुलीच्या कागदावर कापायची रेघ आधीच आखलेली दिसते. तुम्ही प्रश्न नंतर विचारलात. हे कसं?”

“चुकीचं उत्तर देणारा मुलगा हसत हसत चुकला. माझी मुलं चुकली की रडकुंडीला येतात. तुम्ही त्याला हे कसं शिकवलंत?”

“आणि दुसरं कुणीच का चुकलं नाही?”

टोमणा नाही हो! खरंच विचारते आहे. तिला वाटतंय, माझ्याकडे काही युक्ती आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

युक्ती ही — हाच तास मी आदल्या आठवड्यात दोनदा घेतला होता. कुणी कधी हात वर करायचा ते ठरलेलं. खिडकीजवळच्या मिओरीने सवयीने रेघ आधीच मारून ठेवली. आणि चूकसुद्धा मीच वाटून दिलेली — गेन्ताला. “तू बाजू गुणिले बाजू म्हण. मग मिओरी तुला सुधारेल.” यंदाची ही त्याची तिसरी चूक. तिन्ही माझ्याच.

पाहुणे येणार असले की माझ्या ओळखीतले पुष्कळ जण असंच करतात. मला ज्यांनी शिकवलं तेही करायचे. पण कुणी असा सरळ प्रश्न विचारला नव्हता.

काय लिहू तिला?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

काहीच लिहिलं नाही. आणि आज तिचीच चित्रफीत आली! धडा तोच, प्रश्नही माझाच.

तिच्या मुलांनी बाजू गुणिले बाजू केलं — एकजात सगळ्यांनी. ती ‘चूक’ म्हणालीच नाही. कुरणाचं कुंपण म्हणून चार काड्या दोऱ्याने बांधून चौकट केली आणि हळूहळू तिरकी करत गेली. बाजू त्याच. आतली जागा मात्र कमी, कमी, आणखी कमी. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी उभीच राहिली. तिचं बोलणं खाली जपानीत लिहिलं होतं — “अजून वाकवा! पार झोपवली तर आतलं कुरण कुठे जाईल?”

तीनदा बघितलं. सव्वीस वर्षं मी हा धडा शिकवते. आतली जागा कुठे जाते, असं मला कुणी विचारलं नाही. विचारायला सवडच ठेवली नाही मी!

कुठे जाते खरंच? दुपारी मुलांना भात वाढतानाही डोक्यात तेच. एकाला दोनदा वाढला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

लिहून टाकलं. सगळं. तालीम, रेघ, गेन्ताची चूक. आणि पाठवूनही दिलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर नाही.

तिसरीला शिकवणारा तोदाका — पत्राचं त्याला तेवढं सांगितलं होतं — जीभ भलती तिखट. “काय बाई, तुटली का मैत्री? इतकं खरं बोलायची घाई काय होती तुम्हाला?”

“आता बोलून बसले,” म्हटलं.

“मग आता सहा तारखेलाही खरंच बोलणार?”

सहा नोव्हेंबरला आमचा जाहीर तास. भागातले साठ शिक्षक, निरीक्षक, आणि त्सेरेनखांड स्वतः येणार. त्रिकोणाचं क्षेत्रफळ त्या दिवसासाठी मुद्दाम मागे ठेवलं आहे. कुरामोतो सरांनी बजावलंय, “दोनदा घेऊन ठेवा. परक्या पाहुणीसमोर शोभा नको.”

मी ‘हो’ म्हटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

ती आली! चित्रफितीत दिसते त्यापेक्षा बुटकी. आल्या आल्या पिशवीतून वाळवलेल्या दह्याचे तुकडे काढून शिक्षकांच्या खोलीत वाटले. तोदाकाने एक चावायला घेतला — दात शाबूत आहेत, एवढंच. “हा पदार्थ आहे की परीक्षा?” ती खदखदून हसली.

माझ्या पत्राबद्दल एवढंच — “मिळालं, ताई.”

मग विचारलं, “उद्या काय होईल?”

“ठाऊक नाही,” मी म्हटलं. “तास एकदाही घेतलेला नाही.”

सरांना सांगितलेलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी गेन्ता टेबलाशी आला. “बाई, आज मी काय चुकायचं?”

इतक्या सहज! जणू फळा पुसायची पाळी विचारतो आहे.

“आज काहीच ठरलेलं नाही,” मी म्हटलं. “तुला जे सुचेल ते.”

“आणि खरंच चुकलं तर?”

“तर चुकलं.”

त्याचा विश्वास बसला नसावा. का बसावा!

तास. भिंतीला लागून साठ माणसं. कागदी त्रिकोण दिले, विचारलं — जागा किती? मिओरीचा हात वर गेला नाही. मी नाव घेतलं. ती उठली आणि म्हणाली, “माहीत नाही.” तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मग शांतता. एक मिनिट, दोन, चार. कुरामोतो सरांनी दोनदा घसा खाकरला. माझ्या जिभेवर इशारा आला होता — गिळला.

तेवढ्यात गेन्ता कागदाला घड्या घालत होता. वरचं टोक त्रिकोणाच्या पायावर आणून टेकवलं. मग दोन्ही कोपरे आत, त्याच ठिकाणी. आयत तयार! पुस्तकात नाही, माझ्या टाचणातही नाही. त्याने कागद उंच धरला.

“बाई, आयत झाला. पण दोन थर आहेत. खालचा थर मोजायचा की नाही?”

मिओरी जागेवरूनच ओरडली, “मोजायचाच! नाहीतर तो जाईल कुठे?”

आणि घंटा झाली. सूत्र फळ्यावर आलंच नाही! सुट्टीत कुणी बाहेर गेलं नाही. सगळी गेन्ताच्या बाकाभोवती घड्या घालत उभी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल तासानंतर पाहुण्यांबरोबर चर्चा झाली, तिच्याबद्दल लिहायचं राहिलं. निरीक्षक शांतपणे म्हणाले, “तासाचं उद्दिष्ट साध्य झालं नाही.” खरंच होतं. मी मान लववली.

मग त्सेरेनखांड उठली. “त्या चार मिनिटांत मी मुलांचे हात बघत होते. एकही हात रिकामा नव्हता.” एवढं बोलून बसली.

कुरामोतो सर जाताना पुटपुटले, “निदान मला तरी सांगायचं होतंत.” हेही खरंच. माफी मागितली. आज त्यांच्या टेबलावर घडी घातलेला एक त्रिकोण दिसला.

ती दुपारच्या गाडीने गेली. मुलं फाटकापर्यंत सोडायला. गेन्ताने तिला आपला कागद दिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

त्सेरेनखांडचं पत्र. “ताई, तुमचं पत्र आल्यापासून हे सांगायचं धाडस गोळा करत होते. तोंडासमोर जमलं नाही. माझ्या चित्रफितीत तुम्ही बावीस मुलं पाहिलीत. माझ्या वर्गात एक्केचाळीस आहेत. मागे पडणारी एकोणीस मी कॅमेरा लावायच्या आधी व्यायामशाळेत नेऊन बसवली होती.”

तिथल्या तिथे उत्तर लिहिलं — त्या एकोणीस जणांची नावं पाठव, पुढच्या चित्रफितीत मी त्यांना शोधेन.